गारा आणणारी बाई

"ह्यात काय भरलं हुतं ते आधी सांगा. मग गाडीला हात लावा."

सिद्राम बंडगरांनी माझ्या पायाशी फाटक्या फुग्याचं रबर टाकलं. त्याच्या दोरीला आमची पांढरी पेटी अजून लोंबत होती. आदल्या दिवशी सोडलेला फुगा वर जाऊन फुटला होता आणि नेमका त्यांच्याच डाळिंबाच्या बागेत येऊन पडला होता. बंडगर गावचे सरपंच. उंच, काळेसावळे, डोक्याला पिवळा फेटा. त्यांच्या मागे पंचवीस-तीस माणसं उभी होती. कुणाच्या हातात काठी, कुणाच्या हातात नुसताच दगड.

"फुगा वर जावा म्हणून हलका वायू भरतो आम्ही," मी म्हटलं. "पेटीत हवा मोजायचं यंत्र आहे. किती गरम, किती ओली, एवढंच ते कळवतं."

"हवा मोजाय आल्यात," बंडगर मागे वळून म्हणाले. कुणीतरी हसलं. त्या हसण्यात गंमत नव्हती.

या गोष्टीला आता पंचवीसहून जास्त वर्षं झाली. मी तेव्हा हवामानाच्या एका संस्थेत नवीन होते. उन्हाळ्यातली वादळं कशी जन्माला येतात, त्यांतून गारा का पडतात, याचा अभ्यास करायला संस्थेने एक रडारची गाडी सांगोल्याच्या पलीकडे कुरणेवाडीच्या माळावर पाठवली होती. प्रमुख टेंबे सर, मी, आणि गाडी चालवणारे इलाहीभाई मुलाणी, असे तिघेच आम्ही. गाडीच्या टपावर मोठी थाळी होती, ती दिवसभर गरगर फिरायची.

गावात दोन वर्षं पाऊस नव्हता. प्यायचं पाणीसुद्धा टँकरने यायचं. आम्ही आलो त्या आठवड्यापासून रोज दुपारी पश्चिमेला ढग उभा राहायचा आणि संध्याकाळपर्यंत विरून जायचा. वैशाखात बऱ्याचदा असंच होतं. पण गावाला दोनच गोष्टी दिसत होत्या. इकडे थाळी फिरते, तिकडे ढग मोडतो. आधी आमचं दूध बंद झालं. मग कुणीतरी पाण्याचं पिंप उपडं केलं. मग थाळीवर दगड आला. त्या सकाळी टेंबे सर पोलीस बंदोबस्त मागायला तालुक्याला गेले होते. जाताना मला म्हणाले होते, "कुणाशी वाद घालू नकोस. शांतपणे शास्त्रीय माहिती दे. माणसं समजून घेतात."

मी शांतपणे माहिती दिली. कुणी समजून घेतलं नाही.

"अण्णा," मी बंडगरांना म्हटलं, "एक ऐका. आज तुमची जत्रा आहे. कुस्त्या दुपारच्या आत उरका आणि लोकांना घरी पाठवा. आज वादळ होणार आहे. साधं नाही."

"कुणी सांगितलं?"

"आज सकाळच्या फुग्याने."

हे मी बोलायला नको होतं, पण खरं तेच होतं. सकाळच्या फुग्याने जे कळवलं ते मी दोनदा तपासून बघितलं होतं. जमिनीलगत आग्नेयेकडून ओला वारा येत होता. त्याच्या वर वायव्येकडची कोरडी, तापलेली हवा पातेल्यावर झाकण ठेवावं तशी बसली होती. त्या झाकणाखाली ऊन सगळा माळ तापवत होतं. आणि खूप वर हवा इतकी थंडगार होती की झाकण एकदा उडालं, तर खालची ओली वाफ कुठेही न थांबता बर्फाच्या उंचीपर्यंत चढत जाणार होती. रोजचा ढग विरत होता तो त्या झाकणामुळेच. आज ते टिकणार नव्हतं.

"जत्रा बंद करा म्हणती," मागून एकजण ओरडला. "ढग पळवला, आता देव बी पळवणार!"

"गप रं," बंडगर म्हणाले. मग माझ्याकडे वळले. त्यांचा आवाज चढला नाही, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. "किल्ली द्या. आज गाडी बंद. तुमी दोघं जत्रंत आमच्या डोळ्यांम्होरं बसा. बगू आज ढग कुटं जातोय."

इलाहीभाई माझ्याकडे बघत होते. त्यांच्या कपाळावर सकाळीच एक दगड लागून गेला होता, तिथे रक्त सुकलं होतं. "देतो किल्ली, म्याडम," ते हळूच म्हणाले. "गाडी गेली तर दुसरी येईल."

थाळी फिरायची थांबली, तशी माणसांनी आरोळी ठोकली.

बिरोबाचं देऊळ माळाच्या टोकाला होतं. दगडी, बुटकं, भक्कम. शेजारी स्लॅबची दोन खोल्यांची शाळा. आणि या दोन्हींच्या पुढे जत्रेसाठी उभा केलेला भला मोठा मांडव. लोखंडी नळ्यांचे खांब, वर पत्रे, कडेने रंगीत कापड. मांडवाखाली बायका, पोरं, म्हातारी माणसं. समोर उघड्यावर कुस्त्यांचा आखाडा, त्याभोवती कडं करून बसलेले पुरुष. आसपासच्या वाड्यांची माणसं आली होती. हलगी कडाडत होती. आम्हाला मांडवाच्या कडेला एका सतरंजीवर बसवलं. दोन तरुण काठ्या घेऊन मागे उभे राहिले. आजूबाजूच्या बायका पदर सावरून जरा लांब सरकल्या.

तिथून पश्चिम स्वच्छ दिसत होती. माझ्याजवळ यंत्र नव्हतं, नुसते डोळे होते.

ऊन कलायच्या सुमाराला पहिला ढग आला. मग त्याच्याच खांद्यावर दुसरा. फुलकोबीचे गड्डे एकावर एक फुटावेत तसे ते वर चढत होते, आणि चढताना दिसत होते. एरवी ढग वाढतो हे आपल्याला थोड्या वेळाने कळतं. हा नजरेसमोर वाढत होता. त्याचा माथा वर जाऊन थडकला आणि लोहाराच्या ऐरणीसारखा चपटा होऊन आमच्या डोक्यावर पसरायला लागला.

गावानेही ते बघितलं.

"गाडी बंद केली आणि आला बगा!" कुस्त्यांचा पुकारा करणारा माणूस माइकवरूनच ओरडला. "बिरोबाच्या नावानं..."

"चांगभलं!" सगळा माळ गरजला. माणसं उभी राहून फेटे उडवू लागली. एक म्हातारी माझ्यासमोर येऊन थुंकली आणि म्हणाली, "दोन वरीस प्वॉरं तान्हेली मारलीस, सटवे." दोन वर्षांपूर्वी मी या गावाचं नावही ऐकलेलं नव्हतं.

ऊन गेलं. ऐरणीच्या खालच्या बाजूला गायीच्या कासेसारखे गोळे लोंबू लागले. त्याच्याही खाली, ढगाच्या पोटात, शेवाळलेल्या पाण्यासारखा हिरवट उजेड दिसायला लागला. मोठ्या गारांच्या ढगातल्या या उजेडाबद्दल मी तोपर्यंत फक्त वाचलं होतं.

"इलाहीभाई," मी म्हटलं, "हा वारा आता पडेल. एकदम. पान हलणार नाही."

मी हे त्यांना सांगत होते, पण आमच्या मागच्या बायका ऐकत होत्या. थोड्याच वेळात मांडवाचं कापड खांबाला चिकटून निपचित पडलं. हलगीवाल्याचे हातही थांबले. झाडावरच्या चिमण्या गप्प झाल्या.

"आता पश्चिमेकडून गार वारा येईल. धुळीची भिंतच येईल. त्याच्यामागे थोडे मोठे थेंब, आणि मग गारा." मी उठून उभी राहिले. "अहो, माणसं हलवायला हवीत. हे पत्रे उडतील. ह्या नळ्या..."

"बस खाली!" काठीवाल्याने माझा खांदा दाबला.

"अण्णांना बोलवा! देऊळ आहे, शाळा आहे, पाच मिनिटांत सगळी आत जातील. अण्णा!"

बंडगर आखाड्यापाशी होते. माझा आवाज ऐकून ते चालत आले. येता येता त्यांनी आभाळाकडे बघितलं, आणि त्यांचं पाऊल किंचित अडखळलेलं मला दिसलं.

"काय वराडताय?"

"अण्णा, माणसं आत घ्या. तुमच्या पाया पडते."

ते काही बोलायच्या आत त्यांच्या अंगावरून गार वाऱ्याची झुळूक गेली. भर वैशाखात अंगावर काटा यावा इतकी गार. माळाच्या पलीकडच्या टोकाला जमिनीपासून तांबडी धूळ उठली आणि उभीच्या उभी आमच्याकडे चालत यायला लागली.

मघाची म्हातारी किंचाळली. "ही सांगती तसं हुतंय! वारा पडंल म्हनली, पडला. गार वारा म्हनली, आला. हीच करतीया! अगं, हीच करतीया समदं!"

मला वाटलं होतं, एक एक गोष्ट खरी ठरली की माणसं विश्वास ठेवतील. त्यांनी ठेवलाही. माझे केस कुणीतरी मागून धरले. मान मागे ओढली गेली. इलाहीभाई मध्ये पडले, तर त्यांच्या पाठीत काठी बसली. "थांबीव! थांबीव ते!" एक बाई माझ्या तोंडाजवळ तोंड आणून ओरडत होती. तिचे डोळे भीतीने पांढरे झाले होते. आणि एवढं होऊनही मांडवातून कुणी बाहेर पडत नव्हतं. सगळी माझ्याभोवती गोळा होत होती, त्या पत्र्यांखाली.

"हो!" मी ओरडले. "मीच आणलंय!"

केसांवरची पकड सुटली. पुकारेवाला तिथेच उभा होता. त्याच्या हातातला माइक मी ओढून घेतला.

"ऐका सगळे! हे मी आणलंय. आता गारा पडणार. नारळाएवढ्या. ह्या मांडवात जो राहील त्याचं डोकं फुटेल. उघड्यावर राहील त्याचंही फुटेल. ज्याला जगायचंय त्याने बिरोबाच्या देवळात शिरा, शाळेत शिरा. तिथे माझं काही चालत नाही. बाकी कुणाला मी सोडणार नाही!"

माझा आवाज कर्ण्यातून माळभर फिरून परत माझ्याच कानावर आला. तो मला माझा वाटला नाही.

सगळे बंडगरांकडे बघत होते. ते माझ्याकडे बघत होते, टक लावून, जनावराची परीक्षा करावी तसे. मग त्यांनी माझ्या हातातून माइक हिसकावला.

"बाया-प्वॉरं आधी! शाळंत! म्हातारी माणसं देवळात! ही बाई करून दावील, मागं बगू नगा! पळा!"

आणि गर्दी फुटली. पोरांना काखेत मारून बायका धावल्या. म्हाताऱ्यांना पाठीवर घेऊन पैलवान धावले, अंगाला अजून आखाड्याची माती लागलेली. धुळीने आम्हाला गाठलं तेव्हा मी शाळेच्या दाराशी होते. इलाहीभाईंनी मला आत ओढलं. पहिले थेंब पडले, रुपयाएवढे, टपटप, लांब लांब. मग पहिली गार पायरीवर आदळून फुटली. ती लिंबाएवढी होती. नारळाएवढं मी घाबरवायला म्हटलं होतं.

पुढचं सगळं मी खिडकीच्या फटीतून बघितलं. वारा वरून खाली कोसळला, जणू आभाळातून कुणी पोतंच ओतलं. मांडवाचे पत्रे एकेक करून उचकटले आणि पाचोळ्यासारखे माळभर उडत सुटले. लोखंडी नळ्या वाकल्या, उपटल्या, आणि मघा जिथे माणसं कडं करून बसली होती तिथे जाऊन रुतल्या. शाळेच्या स्लॅबवर गारांचा असा आवाज होत होता की शेजारच्या पोराचं रडणं दिसत होतं, पण ऐकू येत नव्हतं. खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. तरी माझ्याभोवती हातभर जागा मोकळी होती. कुणी मला टेकायला तयार नव्हतं.

"म्हाळाप्पा! ए म्हाळाप्पा, फिर मागं!"

दारातून बंडगर हाका मारत होते. त्यांचा धाकटा भाऊ मेंढरांच्या वाड्याकडे धावत सुटला होता, डोक्यावर नुसती घोंगडी धरून. वाड्यापर्यंत तो पोचला नाही. धुळीतून एक पत्रा आडवा आला. बंडगर बाहेर झेपावले, पण चौघांनी त्यांना कमरेला धरून ठेवलं. ते सुटायची धडपड करत राहिले, आणि गारा पडत राहिल्या.

वादळ आलं तसंच गेलं. पूर्वेला गडगडाट लांब जात राहिला. दार उघडलं तेव्हा माळ पांढरा होता. डाळिंबाच्या बागा काठ्या रोवल्यासारख्या उभ्या होत्या, एक पान नाही, एक फळ नाही. मेंढरं वाड्यात एकमेकांवर पडली होती. पुढे कितीतरी दिवस त्या भागात हेच बोलणं चालू होतं. पण मांडवाखाली बसलेल्या त्या सगळ्या गर्दीतलं माणूस फक्त एक गेलं. म्हाळाप्पा.

टेंबे सर दोन पोलीस घेऊन आले तेव्हा ऊन पडलं होतं आणि गारा वितळत होत्या. आमच्या गाडीची एक काच शिल्लक नव्हती, थाळी मोडून लोंबत होती. त्यातलं गारांनी किती केलं आणि नंतर काठ्यांनी किती, ते सांगता येत नव्हतं. इलाहीभाईंनी सरांना सगळं सांगितलं. सरांचा चेहरा उतरला.

"तू माइकवरून असं म्हणालीस? तू? एवढ्या लोकांसमोर?"

"सर, ते हलत नव्हते."

"उद्या हे प्रत्येक गावात सांगतील. शहाणी शिकलेली बाई स्वतःच्या तोंडाने म्हणाली, मी गारा आणल्या. आपण इथे काय करायला आलो होतो, हेमांगी? तू त्यांच्या अंधश्रद्धेवर सही करून दिलीस." ते मोडक्या थाळीकडे वळले. "यापेक्षा गप्प बसायचं होतंस."

मी त्यांच्या खांद्यावरून पलीकडे बघितलं. वाकलेल्या नळ्यांमध्ये बायका आपापल्या चपला शोधत होत्या. पुढे संस्थेने मोहीम बंद केली, आणि सर माझ्याशी कामापुरतंच बोलायचे, निवृत्त होईपर्यंत.

आम्ही निघायच्या आधी बंडगर आले. एकटेच. फेटा नव्हता. हाताला आणि सदऱ्याला रक्त होतं, ते त्यांचं नव्हतं. पोलीस पुढे सरसावले, तर त्यांनी हातानेच त्यांना थांबवलं आणि मला गाडीच्या आडोशाला बोलावलं.

"माणसाला गारा पाडता येत न्हाईत," ते म्हणाले. "एवढं मला कळतंय."

त्यांनी माझ्या पायांकडे बोट दाखवलं.

"तुमी माइकवर बोलला, तवाच कळलं खोटं हाय. पाय लटलट कापत हुते तुमचे. पाडणारीचे कशाला कापतील?"

"मग तुम्ही... 'ही बाई करून दावील' म्हणालात."

"दुसरं काय म्हनलो असतो तर माणसं पळाली नसती." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. हात लाल होता, तोंडाला डाग लागला. "आता माझं ऐका. ह्यातलं मी गावात काय बी सांगणार न्हाई. तुमीच आणलं, असंच मी म्हणणार. जलमभर म्हणणार."

"का पण?"

"सकाळी तुमी मला सांगितलं हुतं, जत्रा लवकर उरका म्हणून. मी किल्ली काढून घेतली. आता माझ्या भावाची बायको मला इचारंल, भावजी, हे कुणी केलं. तिला काय सांगू? मी सांगू, मी केलं? गावाला सांगू, ही बाई शाणी हुती आन् तुमचा सरपंच येडा?" त्यांचा आवाज अजूनही चढलेला नव्हता. "तुमी काय, जाणार. तुमच्या नावावर ऱ्हाऊ द्या. मला हितं जगायचं हाय."

"हे बरोबर नाही, अण्णा."

"न्हाईच. कोण म्हणतंय बरोबर हाय म्हणून?" त्यांनी मुठीतली किल्ली माझ्या हातावर ठेवली. "निघा. उजेड हाय तवर निघा. म्हाळाप्पाला माती दिली की ही माणसं माझं बी ऐकायची न्हाईत. आन् परत कधी हिकडं येऊ नगा. आलात, तर पयला दगड मलाच मारावा लागंल."

ते वळले आणि देवळाकडे चालू लागले. तिथे रडारड सुरू झाली होती.

गाडी कशीबशी चालू झाली. पोलिसांची जीप पुढे, आम्ही मागे. पुढची काच नव्हती, ओल्या मातीचा आणि तुटलेल्या पाल्याचा वास तोंडावर येत होता. टेंबे सर मागे डोळे मिटून बसले होते. गावातून जाणारा रस्ता एकच. दोन्ही बाजूंना बायका उभ्या होत्या, पोरांना धरून. कुणी ओरडत नव्हतं. मला वाटलं, जाऊ देतायत.

शेवटच्या घरापाशी एक तरुण बाई वाकली, आणि तिचा हात वर गेला. दगड माझ्या भुवईवर लागला. रक्त डोळ्यात उतरलं.

इलाहीभाईंनी ब्रेक दाबला. "कोण आहे ती? थांब..."

"नको," मी म्हटलं. "चला तुम्ही."

मी दुसऱ्या डोळ्याने तिच्याकडे बघितलं. तिने दुसरा दगड उचलला होता. कडेवरच्या पोराला तिने दुसऱ्या हाताने घट्ट आवळून धरलं होतं, आणि ते पोर मान वाकडी करून आमच्या मोडक्या गाडीकडे बघत होतं, गुटगुटीत, अंगावर एक ओरखडाही नसलेलं.